मुलांच्या निरीक्षणगृहात संशोधनावर आधारित पद्धती कशा रुजवाव्यात?

तुम्ही लिहिलंय की निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ठेवतात तिथे, समुपदेशक म्हणून नुकत्याच रुजू झालात आणि काही नवं सुचवलं की जुने काळजीवाहक "मॅडम, ही पोरं लाडानं सुधारत नसतात" म्हणून उडवून लावतात. मी अशाच एका संस्थेत अकरा वर्षं काढली. हे वाक्य मला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळालं होतं.

आधी माझी चूक सांगते. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावी 'अचीव्हमेंट प्लेस' नावाचं घर सुरू झालं. एक जोडपं सहा-आठ मुलांबरोबर राहायचं, नीट वागायला शिकवायचं, त्याचे गुण द्यायचं, गुणांवर सवलती मिळायच्या. मी त्यातला गुणांचा तक्ता तेवढा उचलून भिंतीवर लावला. पंधरा दिवसांत त्याची छडी झाली. "थांब, कापतो तुझे दहा!" एका मुलाचे उणे चाळीस झाले. तो म्हणाला, "मॅडम, आता काय पण केलं तरी चालतंय ना?" तक्ता मीच काढला. पुढे वाचनात आलं की खुद्द कॅन्ससवाल्यांचाही दुसऱ्या घरातला पहिला प्रयोग फसला होता. गुण तेच होते, पण मुलांशी बोलायची, शिकवायची रीत तिकडे पोचलीच नव्हती.

मग घटनांच्या नोंदवहीपासून सुरुवात केली. मारामारी झाली की वेळ लिहा, बाकी काही नको, एवढंच मागितलं. महिन्यानं पाहिलं तर बहुतेक भांडणं संध्याकाळी पाच ते सातमधली. चहा झालेला, जेवण लांब, सगळी पोरं एका हॉलमध्ये आणि ड्युटीवर एकटे काळजीवाहक मामा. त्यांनी दोनदा पानं उलटली. "माझ्याच पाळीत की!" गट पाडून कॅरम आणि व्हॉलीबॉल लावायची कल्पना त्यांचीच. राग आल्यावर काय करायचं याचा सराव मुलांकडून घ्यायच्या आधी आम्ही तो आपसात केला. मामा चिडलेला मुलगा झाले, मी काळजीवाहक. हसून पुरेवाट झाली, पण ते माझ्या बाजूला आले ते त्या दुपारी.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यातली वैयक्तिक काळजी योजना, म्हणजे एकेका मुलाच्या गरजा, आवडी आणि पुढचा आराखडा लिहायचा कागद, मुलाशेजारी बसून भरा. आमच्या जुन्या फायलींत झाडून सगळ्यांचा छंद क्रिकेट होता.

आणि "एकदा तुरुंग दाखवून आणा, सरळ होतील" असं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. अमेरिकेत असे प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले, आणि तुरुंग पाहून आलेल्या मुलांनीच पुढे जास्त गुन्हे केल्याचं निघालं.