मुलगी व्हायोलिन शिकते, तिला ‘ब्रेथलेस’ आवडलं. ‘बेस्ट ऑफ द कॉर्स’ भेट दिला तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी बारा वर्षांची, तीन वर्षं व्हायोलिन शिकते आहे. कुठल्याशा जुन्या प्लेलिस्टमध्ये तिने ‘द कॉर्स’ या आयरिश बँडचं ‘ब्रेथलेस’ ऐकलं आणि तेव्हापासून घरात दिवसरात्र तेच चालू आहे. वाढदिवसाला तिला या बँडचा ‘बेस्ट ऑफ’ द्यावा असं मनात आहे. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘यांना केल्टिक का म्हणतात कळत नाही, मला तर हे सरळ इंग्रजी पॉप वाटलं.’

चालेल, जरूर द्या. केल्टिक म्हणजे इथे आयर्लंडच्या लोकसंगीताचं वळण. पण तुमच्या शेवटच्या वाक्यावरच मला खरं बोलायचं आहे, कारण मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो आणि त्याला कारण हाच संग्रह होता.

२००२ साली मी पुण्यात हॉस्टेलवर राहत होतो. खोलीतल्या मित्राकडे ‘बेस्ट ऑफ द कॉर्स’ची सीडी होती आणि कॉम्प्युटरला जोडलेले दोन छोटे स्पीकर. वर्षभर ती सीडी इतकी वाजली की गाण्यांचा क्रम आम्हाला पाठ झाला होता. ‘सो यंग’ लागलं की शेजारच्या खोलीतली मुलंसुद्धा नाचायला यायची. माझ्या डोक्यात हा बँड म्हणजे नाचायची गाणी करणारा बँड, एवढंच होतं. पुढे नाशिकला मामेभावाकडे त्यांचा ‘अनप्लग्ड’ म्हणजे साध्या, अकूस्टिक वाद्यांवरचा कार्यक्रम पाहिला. तेच ‘सो यंग’, तेच ‘रनअवे’, पण खाली ढोल-मशीनचा ठोका नाही, आणि समोर चार भावंडं बसून वाजवताहेत. मी त्या रात्री तो कार्यक्रम तीनदा पाहिला. वर्षभर ज्या गाण्यांवर नाचलो ती आपण ऐकलीच नव्हती, असं वाटलं.

झालं होतं ते असं. हा संग्रह २००१ साली आला. त्यात ‘सो यंग’, ‘रनअवे’, ‘व्हॉट कॅन आय डू’ आणि ‘ड्रीम्स’ ही चार गाणी मूळ रूपात नाहीत, रीमिक्स रूपात आहेत, म्हणजे नाचाचा ठोका घालून नव्याने बांधलेली. यात लपवाछपवी काहीच नाही, कारण हिट झाली ती रीमिक्सच. ‘व्हॉट कॅन आय डू’चं उदाहरण घ्या. १९९८च्या सुरुवातीला मूळ गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत जेमतेम ५३व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच वर्षी ‘टिन टिन आउट’ या जोडीने त्याचं रीमिक्स केलं आणि ते तिसऱ्या क्रमांकावर पोहोचलं. ‘रनअवे’चंही तेच झालं, १९९५मध्ये ते फारसं कोणाच्या कानावर गेलं नव्हतं, १९९९च्या रीमिक्सने ते घराघरात नेलं. तेव्हा ‘बेस्ट ऑफ’मध्ये कुठलं रूप घालायचं हा प्रश्न कंपनीला पडलाच नसणार. ‘ब्रेथलेस’ रीमिक्स नाही, पण ते मुळातच रेडिओसाठी घडवलेलं आहे. मट लँग या निर्मात्याबरोबर मिळून लिहिलेलं, आणि २००० साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं त्यांचं एकमेव गाणं. त्यामुळे ‘ब्रेथलेस’वरून या बँडची ओळख झाली तर त्यातलं आयर्लंड ऐकू न येणं अगदी साहजिक आहे. तुमच्या कानाचा दोष नाही.

आता हे लोक कोण, ते सांगतो, म्हणजे तुमच्या मुलीला कान कुठे लावायचे ते कळेल. आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तर आयर्लंडच्या सीमेला लागून डंडॉक नावाचं गाव आहे, लाउथ काउंटीत. तिथली ही चार सख्खी भावंडं. थोरला जिम गिटार आणि कीबोर्ड वाजवतो, शॅरन व्हायोलिन, कॅरोलिन ड्रम्स, आणि धाकटी अँड्रिया गाते. वडील वीज मंडळात नोकरीला, आणि संध्याकाळी आई-वडील दोघं मिळून गावातल्या पबांमध्ये ‘अ‍ॅबा’, ‘ईगल्स’ची गाणी सादर करायचे. म्हणजे घरात पॉप आधीपासूनच होतं. आयरिश लोकसंगीत आणि पॉप हे यांनी बाजार बघून जोडलेलं नाही, दोन्ही त्यांच्या लहानपणातलंच आहे. यांच्यावर ‘आयरिशपणाचं दुकान मांडलंय’ अशी टीका मी कितीदा वाचली आहे, आणि दरवेळी मला ती अन्यायाची वाटली आहे.

१९९४मध्ये अमेरिकेच्या आयर्लंडमधल्या राजदूत जीन केनेडी स्मिथ यांनी त्यांना डब्लिनच्या एका पबमध्ये ऐकलं आणि त्या वर्षीच्या फुटबॉल विश्वचषकाच्या निमित्ताने बॉस्टनला बोलावलं. त्याच फेरीत न्यूयॉर्कला डेव्हिड फॉस्टर हा निर्माता मायकल जॅक्सनबरोबर स्टुडिओत काम करत होता. तिथे ही चौघं आपली वाद्यं घेऊन थेट पोहोचली आणि त्याच्यासमोर वाजवून दाखवलं. त्यातून १९९५चा पहिला अल्बम आला, ‘फरगिव्हन, नॉट फरगॉटन’.

तो पहिला अल्बम तुमच्या मुलीने ऐकायलाच हवा. त्यात गाण्यांच्या मधेमधे छोट्या वाद्यधुनी पेरल्या आहेत, ‘टॉस द फेदर्स’, ‘कॅरारो जिग’, ‘द मिन्स्ट्रेल बॉय’. एक पॉप गाणं संपतं न संपतं तोच व्हायोलिन आणि व्हिसल जुनी नाचाची धून उचलतात, आणि लगेच पुढचं गाणं. या धुनी कधी यादीत चढल्या नाहीत, हिट म्हणून त्यांची गणती नाही. पण बँडचा जीव तिथे आहे असं मला मनापासून वाटतं.

केल्टिक म्हणजे काय, हे व्याख्येने सांगण्यापेक्षा तीन वाद्यांनी सांगतो.

पहिलं बाउरॉन. कॅरोलिन ड्रम्स सोडून हे हातात घेते तेव्हा पाहा. उथळ लाकडी कडं, एका बाजूला शेळीचं कातडं, दुसरी बाजू उघडी. आपल्या शाहिराचा डफ पाहिला असेल तर कल्पना येईल, त्याच कुळातलं वाद्य. ती ते मांडीवर उभं टेकवते, डावा हात मागून आत घालते आणि उजव्या हातात वीतभर लाकडी दांडी पेनासारखी धरते. मनगट असं फिरतं की दांडीची दोन्ही टोकं कातड्यावर आळीपाळीने पडतात. सगळी गंमत मात्र न दिसणाऱ्या डाव्या हाताची. तळवा कातड्याला आतून दाबत वर सरकला की आवाज चढतो, खाली आला की घुमतो. ठोका एकच, पण तो चढतो-उतरतो, आणि त्या चढउतारावरच नाचणाऱ्याचे पाय चालतात. हा आवाज नाचाच्या मशीनखाली घातला की पहिला बुडतो. रीमिक्समध्ये सगळ्यात जास्त नुकसान याचं झालं आहे.

दुसरं टिन व्हिसल, अँड्रियाचं. जत्रेत अलगूज मिळायचं तसं, तोंडात सरळ धरून फुंकायचं, सहा भोकं. साधं वाद्य आहे, स्वस्त आहे, आयर्लंडमध्ये शाळकरी पोरांच्या हातात असतं. पण एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या सुराला बोट नुसतं शिवतं आणि उठतं. आपल्या गाण्यात खटका-मुरकी असते ना, कानाला तसंच काहीसं लागतं.

तिसरं, आणि तुमच्या घराच्या कामाचं, व्हायोलिन. शॅरन रीतसर पाश्चात्त्य शास्त्रीय पद्धतीने शिकलेली आहे, आणि आयरिश धून वाजवताना तिचा हात वेगळा चालतो हे कान देऊन ऐकलं तर कळतं. आयरिश लोकसंगीतात सूर थरथरवत लांबवण्यावर भर नसतो. सूर सरळ येतो, आणि सजावट बोटांच्या त्या झटक्यांनी होते. गजही ठोक्याच्या मधेच दिशा बदलतो, त्यामुळे धून पुढे ढकलल्यासारखी वाटते. गाण्यांमध्ये बहुतेक वेळा तिच्या वाट्याला चार-सहा सुरांचा एक तुकडा येतो, पण गाणं लक्षात राहतं ते त्या तुकड्यामुळे. ‘ड्रीम्स’मध्ये हे फार स्पष्ट आहे. गाणं मूळ ‘फ्लीटवूड मॅक’ या जुन्या रॉक बँडचं. टॉड टेरी या डीजेने केलेलं रीमिक्स असूनही व्हायोलिन त्यात झाकलं गेलेलं नाही, उलट उठून दिसतं. म्हणून सगळीच रीमिक्स वाईट असं मी म्हणणार नाही. ‘ड्रीम्स’ मला आजही रीमिक्स रूपातच आवडतं. ‘सो यंग’ मात्र नाही.

तर देताना काय करा: ‘बेस्ट ऑफ’ द्याच, पण त्याच्याबरोबर १९९९चा ‘अनप्लग्ड’ द्या. एकच गाणं दोन्हीकडून लागोपाठ ऐकवा. ‘रनअवे’ निवडा. ‘अनप्लग्ड’मध्ये ते संथ आहे, झोपाळ्यावर बसल्यासारखं, सहा-सहाच्या मोजणीत. तिला दादरा माहीत असेल तर मांडीवर हात धरून मोजू द्या, बरोबर बसेल. त्याच कार्यक्रमात शॅरन आणि कॅरोलिन दोघींनीच गायलेलं ‘नो फ्रंटियर्स’ आहे. अँड्रियाचा आवाज नसूनही ते त्या रात्रीचं सगळ्यात सुंदर गाणं आहे असं माझं मत आहे, वाद घालायला तयार आहे.

‘अनप्लग्ड’चं ध्वनिमुद्रण ऑक्टोबर १९९९चं. पुढच्याच महिन्यात त्यांची आई, जीन कॉर, गेली. फुप्फुसाचा आजार होता, प्रत्यारोपणासाठी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या रुग्णालयात होत्या. पुढच्या वर्षी ‘इन ब्लू’ आला, ‘ब्रेथलेस’ आहे तोच अल्बम. त्यातलं ‘नो मोअर क्राय’ हे गाणं अँड्रिया आणि कॅरोलिनने वडिलांचं दुःख पाहून लिहिलेलं आहे. ऐकायला ते चक्क उत्साही वाटतं. माझी आई गेल्यानंतर ते मी पुन्हा ऐकलं तेव्हा तो उत्साह कुणासाठी आणला होता ते समजलं. ‘ब्रेथलेस’ ऐकून झाल्यावर त्याच अल्बममध्ये थोडं पुढे जा, एवढंच सांगेन.

२००६ मध्ये आलेला ‘ड्रीम्स: द अल्टिमेट कॉर्स कलेक्शन’ हाही एक संग्रह आहे, कदाचित दुकानात तोच आधी दिसेल. त्यात २००१ नंतरची गाणी आहेत, शिवाय ‘द चीफ्टन्स’ या जुन्या आयरिश मंडळींबरोबर वाजवलेलं ‘आय नो माय लव्ह’ आहे. एकच संग्रह घ्यायचा आणि दुसरं काही नाही, असं असेल तर मी हा घेईन.

आणि खरं आयरिश ऐकायचंय म्हणाल तर २००५चा ‘होम’. आईच्या गाण्यांच्या वहीतून निवडलेली गाणी, त्यातली बहुतेक पारंपरिक, त्यातली दोन तर आयरिश भाषेत. तो फार खपला नाही. आमच्या घरी रविवारी सकाळी तो लागतोच.

आता मुलीसाठी. तिला वाजवायला काही हवं असेल तर ‘टॉस द फेदर्स’ द्या. ती या बँडची रचना नाही, जुनी पारंपरिक रील म्हणजे नाचाची धून आहे, चारच्या ठोक्यातली, सुरावट सहज मिळते. आधी १९९८च्या सेंट पॅट्रिक दिवसाचा (१७ मार्च, आयरिश लोकांचा सण), लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला कार्यक्रम दाखवा. त्यात ‘फ्लीटवूड मॅक’चा मिक फ्लीटवूड स्वतः त्यांच्यासोबत ड्रम्सवर बसला आहे आणि शॅरन उभी राहून ही धून वाजवते. वेग पाहून पोरगी घाबरेल. तिला सांगा, निम्म्या वेगाने सुरू कर, सजावट सगळी गाळून टाक, नुसते सूर. ते हातात बसले की गज ठोक्यावर न बदलता अर्धा ठोका आधी बदलून बघ. पहिले आठ दिवस सगळं वाकडंतिकडं वाजेल. मग एक दिवस तुम्ही स्वयंपाकघरात असाल आणि आतल्या खोलीतून येणाऱ्या धुनीवर तुमचा पाय आपोआप हलायला लागेल. त्या दिवशी इथे खाली कळवा, मला फार आनंद होईल.