अलार्म कशाचा ते कळेपर्यंत एफडीला हात लावू नका

सावद्याचे एक केळी उत्पादक विचारतात: 2011 ची छत उघडणारी स्पोर्ट्स कार पाच वर्षांपूर्वी पुण्याहून हौसेने घेतली. दोन महिन्यांपासून चालता चालता अलार्म वाजतो, मीटरवर दिवा चमकतो आणि गाडी बाजूला घेईपर्यंत सगळं बंद. वर्कशॉपने मीटर आणि कंट्रोल युनिट बदलायचे 1,40,000 सांगितलेत. तीन लाखांची एफडी मोडून काम करू, की आहे तशी साडेचार लाखांना देऊन टाकू?

भाऊ, आत्ता दोन्ही नको.

तुम्हीच लिहिलंय की गाडी वर्कशॉपमध्ये दिवसभर उभी होती आणि अलार्म एकदाही वाजला नाही. म्हणजे बिघाड कुणी पाहिलेलाच नाही, कोटेशन मात्र हातात आलं. असे पार्ट बहुधा त्या गाडीला कोडिंग करून, म्हणजे सॉफ्टवेअरने त्याच गाडीशी जुळवून बसवतात; मग ते परत करणं अवघड. बसवल्यावर पुन्हा अलार्म वाजला तर पैसे कुणाकडे मागणार?

कधी वाजतो, कधी नाही, असा बिघाड पुष्कळदा सैल जोडाचा निघतो. बॅटरीचं टर्मिनल, बॉडीला दिलेली गंजलेली अर्थिंग, सीटखालचा प्लग, दाराच्या लॉकमधला किंवा छताच्या कडीचा छोटा स्विच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. उन्हात तापलेल्या गाडीत सर्किटवरचा तडकलेला सोल्डरचा टाका सुटतो आणि संध्याकाळी पुन्हा जुळतो. सुरुवात बॅटरीपासून करा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5. व्होल्टेज खाली गेलं की जुनी इलेक्ट्रॉनिक्स मुळात नसलेले बिघाडही दाखवते. मग स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेले बिघाडाचे कोड वाचून घ्या. वळणावर किंवा ब्रेक दाबताना वाजत असेल तर ब्रेक ऑइलची पातळी आधी बघा. आणि लाल दिवा ब्रेकचा, ऑइलचा किंवा तापमानाचा असेल तर पुढचा किलोमीटरही चालवू नका.

या शोधासाठी 10,000 रुपये बाजूला काढा. पार्टसाठी नाही, चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या वेळेसाठी. गाडी दोन-तीन दिवस त्याच्याकडे राहू द्या, त्याने स्वतः चालवून बघू दे.

आता हिशेब. दुरुस्त गाडीला पावणेसहा लाख येतील असं तुम्ही म्हणता. म्हणजे 1,40,000 घालून किंमत वाढते 1,25,000 ने. विकायचीच असेल तर हा खर्च तोट्याचा. ठेवायची असेल तर प्रश्न वेगळा. रविवारी वहिनींना घेऊन पालच्या घाटात जाता, त्या आनंदाला मी आकडा लावणार नाही, पण मर्यादा लावीन. सिद्ध झालेला खर्च 60,000 च्या आत असेल तर खुशाल करा, वर गेला तर गाडी सोडा. विमा यात कामाचा नाही, साध्या पॉलिसीत असा इलेक्ट्रिकल बिघाड धरत नाहीत. शिवाय 2026 मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतात. नोंदणीच्या नूतनीकरणाची फी, पर्यावरण कर आणि फिटनेस तपासणी आहेच, हेही त्याच हिशेबात धरा.

एफडीबद्दल मी कठोर आहे. तो पैसा मृग बागेच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायच्या केळीच्या, टिश्यूकल्चर रोपांचा आणि ठिबकचा आहे. वादळात बाग आडवी झाली तर तोच आधार. मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळतं, वर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. अगदीच अडलं तर त्याच एफडीवर कर्ज घ्या. दर साधारण एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो आणि ठेव शाबूत राहते.

आजपासून गाडीत एक वही ठेवा. अलार्म वाजला की तारीख, वेळ, वेग, रस्ता खडबडीत की सपाट, एसी चालू होता का, कोणता दिवा लागला, सगळं लिहा. वहिनी शेजारी असतील तर त्यांना मोबाईलवर मीटरचा व्हिडिओ घ्यायला सांगा. दोन आठवड्यांनी ती वही आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा, आणि तो काय म्हणाला ते मला कळवा.