वाचकांचे प्रश्न : लोककथा लिहावी कशी, सांगावी कशी?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. लहानपणापासून लोककथा ऐकण्याचा आणि टिपून ठेवण्याचा मला छंद आहे. त्यातून कितीतरी वह्या भरल्या. त्यांतील निवडक कथा लेखरूपाने प्रसिद्ध केल्या, तेव्हा वाचकांना त्या आवडल्या. म्हणून त्याच कथा पॉडकास्टवर वाचून दाखवू लागले. मात्र ऐकणाऱ्यांचे लक्ष मध्येच उडते, असे घरची मंडळी सांगतात. माझा आवाज स्पष्ट आहे, उच्चारही स्वच्छ आहेत. मग अडते कुठे?

उत्तर : आपल्या आवाजात काही उणे असेल असे वाटत नाही, अडचण संहितेत आहे. कथा तोंडी होती, आपण ती कागदासाठी लिहिली तेव्हा तिची घडण बदलली, आणि आता तीच बदललेली घडण आपण श्रोत्याच्या कानावर घालत आहात. वाचक अडखळला की त्याची नजर आपोआप मागच्या ओळीवर जाते. श्रोत्यालाही मागे जाण्याची सोय असते, पण हातातले काम टाकून ती वापरणारे श्रोते विरळाच. ज्याला एकदा धागा सापडत नाही, तो बहुधा ऐकणेच सोडून देतो.

एक उदाहरण घेऊ. तीन मुलींना ‘माझ्यावर तुमचे किती प्रेम आहे?’ असे विचारणाऱ्या राजाची कथा आपल्या वह्यांत नक्की असेल. धाकटी ‘मिठाइतके’ असे उत्तर देते आणि घराबाहेर काढली जाते. लेखात आपण लिहाल : ‘थोरल्या दोघींच्या गोड उत्तरांनी सुखावलेल्या राजाला धाकटीने दिलेले, मिठाशी तुलना करणारे उत्तर अपमानास्पद वाटल्याने त्याने तिला राज्याबाहेर घालवले.’ वाचायला हे वाक्य बरे आहे. ऐकायला मात्र त्यात चार माणसे आणि तीन घटना एकदम अंगावर येतात. सांगणारा काय करतो? ‘राजाने थोरलीला विचारले. थोरली म्हणाली, साखरेइतके. राजा हसला. मधलीला विचारले. मधली म्हणाली, मधाइतके. राजा हसला. धाकटीला विचारले.’ आणि येथे तो क्षणभर थांबतो. ‘राजा हसला’ हे दोनदा ऐकलेल्या कानाला तिसऱ्या वेळी काय घडणार याची चाहूल लागलेली असते, आणि ते थांबणे त्या चाहुलीसाठीच असते.

डॅनिश अभ्यासक अक्सेल ओलरिक यांनी १९०८–०९ च्या सुमारास लोककथनाचे जे नियम मांडले, त्यांतील दोन या उदाहरणात दिसतात : महत्त्वाची गोष्ट तीनदा घडते आणि एका प्रसंगात एका वेळी दोनच पात्रे समोर असतात. तिन्ही मुली दरबारात उभ्या असल्या, तरी प्रत्येक वेळी बोलणे राजाचे आणि एकाच मुलीचे होते. ओलरिक यांच्या काळी पॉडकास्ट नव्हता, पण नुसत्या आवाजावर कथा पेलायची असेल तर यापेक्षा उपयोगी मार्गदर्शन मला ठाऊक नाही. पुनरुक्तीचीही भीती बाळगू नये. मौखिक काव्याचे अमेरिकन अभ्यासक मिल्मन पॅरी यांनी १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियात फिरून वीरगीते गाणाऱ्यांचे गायन ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केले. त्या गायकांपैकी अवदो मेजेदोविच यांना लिहितावाचता येत नव्हते, तरी १९३५ मध्ये त्यांनी सांगितलेले एक काव्य बारा हजार ओळींहून मोठे आहे. असे गायक सगळे काव्य शब्दशः पाठ करत नाहीत. ठरावीक शब्दबंध आणि ठरावीक प्रसंग यांच्या आधाराने ते काव्य गाता गाताच रचत जातात, असे पॅरी आणि त्यांचे सहकारी अल्बर्ट लॉर्ड यांनी दाखवून दिले.

तेव्हा ध्वनिमुद्रणाला बसताना लेख समोर ठेवू नका. एका कागदावर पात्रांची नावे, घटनांचा क्रम आणि कथेत पुन्हा पुन्हा येणारे शब्द तेवढे लिहा. शक्य असेल तर समोर एखादे माणूस बसवा आणि त्यालाच गोष्ट सांगा. त्याच्या चेहऱ्यावरून आपला वेग आपोआप ठरतो. लेख वाया गेला असे मात्र मुळीच समजू नका. कथा कोणाकडून ऐकली, तिची इतर रूपे कोणती, त्यांत फरक कुठे पडतो, हे सारे मांडण्याची जागा लेखातच आहे; ध्वनिफितीत ते कोंबले की कथेचा श्वास कोंडतो.

प्रश्न : एकाच लोककथेची चार-पाच वेगवेगळी रूपे माझ्याकडे आहेत. लिहिताना खरे रूप कोणते मानावे? सगळ्यांतील उत्तम भाग एकत्र करून एक परिपूर्ण कथा तयार केली तर चालेल का?

उत्तर : लोककथेला मूळ प्रत नसते, त्यामुळे सगळीच रूपे खरी असतात. मॅरियन रोॲल्फ कॉक्स यांनी १८९३ मध्ये सिंड्रेला आणि तिच्या आप्तकथांची ३४५ रूपे एका ग्रंथात आणली. त्यांतील कोणतेही एक खरे आणि बाकीची बिघडलेली, असे म्हणता येत नाही. वर उल्लेख केलेली मिठाची कथा याच गोतावळ्यातली आहे. तिच्या शेवटी कुठे राजाला अळणी जेवण वाढले जाते आणि पहिल्याच घासाला त्याला आपली चूक उमगते. कुठे मुलगी त्याला नुसती गोड पक्वान्ने खाऊ घालत राहते आणि तो कंटाळल्यावर मीठ घातलेली साधी भाजी पुढे ठेवते. पहिल्या शेवटात धक्का आहे, तर दुसऱ्यात मुलीचा संयम दिसतो. दोन्ही एकत्र केले, तर दोन्हींचे बळ जाते. म्हणून एका सांगणाऱ्याचे एक रूप निवडा, ते प्रामाणिकपणे मांडा आणि उरलेल्या रूपांची नोंद टिपेत करा.

सुधारणेचा मोह मोठमोठ्यांना झाला आहे. ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी राणी तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. आज जगाला सावत्र आईच ठाऊक आहे. ग्रिम बंधूंच्या आवृत्त्या छापील स्वरूपात उपलब्ध असल्यामुळे हा बदल निदान आपल्याला कळतो. आपल्या वहीतले रूप मात्र बहुधा आणखी कुठेच नसेल, म्हणून त्यात केलेला बदल कायमचा ठरण्याची शक्यता फार मोठी आहे. भाषा जरूर नेटकी करा. पण घटना, शेवट आणि पात्रांची नाती यांना हात लावू नका.

आणखी एक सूचना करावीशी वाटते. अँटी आर्ने यांनी १९१० मध्ये सुरू केलेली, स्टिथ थॉम्पसन यांनी वाढवलेली आणि हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये नव्याने मांडलेली कथाप्रकारांची सूची अभ्यासक आजही वापरतात. तीत मिठाच्या कथेचा क्रमांक ९२३ आहे, तर सिंड्रेलाचा ५१०अ. लेखाखाली किंवा पॉडकास्टच्या वर्णनात हा क्रमांक दिला, तर दुसऱ्या भाषेत तीच कथा शोधणारा अभ्यासक आपल्या कथेपर्यंत पोहोचू शकतो.

प्रश्न : लोककथा सर्वांच्या असतात, तर जुन्या संग्रहातील कथा पॉडकास्टवर सरळ वाचता येतील का? आणि ओळखीच्या वृद्धांकडून ऐकलेल्या कथांचे काय?

उत्तर : कथा सर्वांची असली, तरी संग्राहकाने किंवा अनुवादकाने केलेली शब्दरचना त्याची असते. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे ती संरक्षित राहते. इतर अनेक देशांत ही मुदत ७० वर्षे आहे. मुदत संपली नसेल, तर परवानगी घ्या किंवा कथानक मनात मुरवून संपूर्णपणे स्वतःच्या शब्दांत सांगा. दोन्ही बाबतींत संग्राहकाचे नाव घेणे उचित होय.

वृद्धांच्या बाबतीत कायद्यापेक्षा विश्वास मोठा आहे. घरात बसून आपल्याला सांगितलेली गोष्ट अनोळखी हजारोंच्या कानी जाणार आहे, हे त्यांना आधी नीट समजावून सांगा. नाव जाहीर करायचे की नाही हे त्यांनाच ठरवू द्या, आणि एखादी कथा बाहेर नेऊ नये असे त्यांनी म्हटले तर ती नेऊ नका. संमती मिळाल्यास त्यांच्याच आवाजात काही भाग जरूर ऐकवा; मध्येच घेतलेला श्वास, आठवण्यासाठी घेतलेला वेळ, हे काटछाट करून काढू नका. प्रसारणासाठी लहान केलेली फाइल वेगळी आणि मूळ ध्वनिमुद्रण वेगळे, असे दोन्ही जपा. मूळ मुद्रण ‘वाव’ (WAV) या, आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइल-स्वरूपात, निदान दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा आणि प्रत्येक फाइलसोबत सांगणाऱ्याचे नाव किंवा त्याने सुचवलेली ओळख, ठिकाण, तारीख आणि त्याने ती कथा कोणाकडून ऐकली होती, एवढे लिहून ठेवा. यांतले शेवटचे बहुतेक जण विचारायला विसरतात, आणि तो सांगणारा गेल्यावर ते कोणालाच विचारता येत नाही.