पुस्तक मिटून बघ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

विज्ञान भाग १ तीनदा वाचून झालं, तरी पूर्वपरीक्षेत काहीच आठवलं नाही, असं तू लिहिलंस. मेहनत तू घेतेस, ते मी पाहतो. उजळणीची रीत तेवढी बदल. तिसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि आपल्याला येतंय असं मन धरून बसतं. पेपरात मात्र आठवून लिहावं लागतं.

म्हणून पुस्तक मीट. गुरुत्वाकर्षणाचा धडा झालाय ना? पाठकोऱ्या कागदावर ग्रहांच्या गतीचे केप्लरचे तिन्ही नियम न बघता लिही. तिसऱ्यापाशी बहुतेक मुलं अडतात. वर्ग कशाचा, घन कशाचा? लगेच पान उघडू नकोस. थोडा ताण दे डोक्याला, जे सुचेल ते लिही आणि मग पडताळ : आवर्तकालाचा वर्ग, सूर्यापासूनच्या सरासरी अंतराचा घन. चूक लाल पेनाने दुरुस्त कर. इतकं झगडून मिळालेलं उत्तर सहसा सुटत नाही.

2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हेच तपासून पाहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा उतारा पुन्हा वाचणारी मुलं पुढे होती. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांनी बाजी मारली. रात्री वाचल्यावर सगळं येतंय असं वाटतं आणि परीक्षेत निसटतं, ते यामुळेच.

तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा लिहून बघ. सगळा नको, लाल झालेलं तेवढंच. भूमितीची प्रमेयं तर हाताखालून गेलीच पाहिजेत. सोडवलेली उदाहरणं नुसती वाचणं म्हणजे गणिताचा अभ्यास नव्हे, हे माझं ठाम मत आहे.

रविवारी जुनी प्रश्नपत्रिका घे. 40 गुण, दोन तास, फोन दुसऱ्या खोलीत. वेळ संपेपर्यंत उठायचं नाही, येत नसलं तरी. आणि जागरणं बंद कर. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते.

पुढच्या वेळी येशील तेव्हा पूर्वपरीक्षेचे तपासलेले पेपर आण. मार्कांचं राहू दे, कुठे अडलीस ते बसून बघू.

तुझे,
सर