मे महिन्यात विहीर मचूळ होते. जर्बेराचे दांडे आखूड पडण्याचे कारण तेच असेल का?

होय, खाजनालगतच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीजवळच्या) विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल, तर पॉलिहाऊसमधील जर्बेराचे दांडे आखूड व फुले लहान पडण्याचे कारण बहुधा तेच आहे. मुळांभोवती क्षार साचले की वाफा ओला दिसूनही झाडाला पाणी ओढता येत नाही आणि दांड्याची वाढ खुंटते. शिवाय क्लोराइड साठून जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात, अर्थात खताची मात्रा जास्त झाली तरी हेच दिसते. म्हणून आधी पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळले आहेत याचे माप) मोजावी. जर्बेरासाठी ती १ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत बरी. उघड्या वाफ्यातील क्षार पाऊस धुऊन नेतो, छपराखाली मात्र तसे होत नसल्याने साठवलेल्या गोड्या पाण्याने वाफे अधूनमधून निचरा होईपर्यंत भिजवावे लागतात.