विधान परिषदेचे आमदार नेमकं कोण निवडतं? मुंबईत राहून मला कधी मत द्यायला मिळालं नाही.

मिळू शकतं, पदवीधर असाल तर. परिषदेच्या 78 जागांपैकी 30 विधानसभेचे आमदार निवडतात, 22 नगरसेवक वगैरे स्थानिक संस्थांचे सदस्य, आणि 12 जणांना राज्यपाल नेमतात. उरल्या 14. त्यातल्या 7 पदवीधरांच्या, 7 शिक्षकांच्या. मुंबईला दोन्हींतली एकेक आहे.

गोची इथेच आहे. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथे असेलच असं नाही. पदवी मिळून 3 वर्षं झालेली हवीत, आणि फॉर्म 18 भरून वेगळी नोंदणी करावी लागते. ही यादी दर निवडणुकीला नव्याने बनते, त्यामुळे मागच्या वेळी नाव होतं म्हणून निर्धास्त राहू नका.

मतदान मशिनवर नाही, कागदावर. केंद्रावर जांभळं स्केचपेन देतात, त्यानेच उमेदवारांपुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहायचा. एकाला 1 दिला की बाकीचे रिकामे सोडले तरी चालतं. पण बरोबरची खूण केलीत किंवा अक्षरी ‘एक’ लिहिलंत तर मत बाद. शिकल्यासवरलेल्यांची मतं अशी बाद होतात, हे जरा मजेशीरच!

मुंबई पदवीधरची मागची निवडणूक जून 2024 मध्ये झाली. मुदत 6 वर्षांची.