पंप बदलण्याआधी झाकण उघडून बघा

प्रश्न : आमच्या घरामागे १० बाय ५ मीटरचा पोहण्याचा तलाव आहे, सरासरी खोली १.२ मीटर. पंप पाऊण एचपीचा, ९ वर्षं जुना. पाइप सगळीकडे दीड इंची. दोन महिन्यांपासून पंप कर्कश ओरडतो, पंपाच्या कचरा अडवणाऱ्या बास्केटच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे दिसतात आणि पाणी रोज सुमारे २ सेंटिमीटर उतरतं. प्लंबर म्हणतात, पंप गेला, आता दीड एचपीचा बसवा म्हणजे कटकट मिटेल. बसवू का? आणि पाइपचं काम माझं मला जमेल का?

उत्तर : पंप बदलावा लागेलसं दिसतं, पण दीड एचपीचा नको, आणि या आठवड्यात तर नकोच. तुमच्या पत्रात तक्रारी तीन आहेत. तिन्हींचं मूळ एकच असेल असं धरून पंप आणलात, तर आवाज थांबेल, पण बुडबुडे आणि पाण्याचं उतरणं तसंच राहील.

मला हे अनुभवानं कळलं आहे. या कामात पडून फार दिवस झाले नव्हते तेव्हा एका घरी अशाच बुडबुड्यांसाठी मी अख्खा पंप बदलला. नवा पंप चालू केला आणि झाकणाखाली तेच बुडबुडे. दोष होता पंपाच्या तोंडाशी आटे देऊन बसवलेल्या प्लॅस्टिकच्या अडॅप्टरमध्ये. पूर्वी कधीतरी पंप कोरडा चालला होता, आतलं पाणी तापलं, प्लॅस्टिक आकसलं आणि आट्यांमध्ये केसाएवढी फट राहिली. जुना अडॅप्टर मी नव्या पंपालाही लावला होता. त्या घरचा खर्च माझ्यामुळे वाया गेला, याची मला आजही खंत आहे. तेव्हापासून आधी झाकण उघडते, मग पंपाबद्दल बोलते.

तलावाकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपात, पंप चालू असताना, बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो. तिथे फट असली तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. जमीन कोरडी दिसते आणि सगळे म्हणतात, गळती नाही. म्हणून पंप बंद केल्यावर पाच मिनिटं तिथेच उभं राहून बघा. फट पाण्याच्या पातळीखाली असेल, तर ती आता ठिबकायला लागते.

आधी तलावातलं पाणी स्किमरच्या (भिंतीतल्या, वरचं पाणी आणि कचरा ओढणाऱ्या खिडकीच्या) तोंडाच्या मध्यापर्यंत आहे ना ते पाहा. पातळी खाली गेली की स्किमरच हवा घेतो, आणि रोज २ सेंटिमीटर उतरणाऱ्या तलावात हे सहज होतं. मग पंप बंद करून बास्केटचं झाकण उघडा, त्याची ओ-रिंग (रबरी कडी) काढून बोटांत फिरवा. चपटी झाली असेल, भेगा असतील, तर नवी घाला. खाचेतली वाळू पुसून काढा आणि ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. पेट्रोलियम जेली नको, तिनं रबर फुगतं आणि सैल पडतं. पुन्हा पंप चालू करून मगानं एकेका जोडावर सावकाश पाणी ओता : झाकणाची कड, ड्रेन प्लग, अडॅप्टर, व्हॉल्व्हची दांडी. ज्या जागी पाणी ओतताच बुडबुडे थांबतात किंवा एकदम कमी होतात, ती जागा. हे काम घाईनं करू नका, दोन जोडांमध्ये मिनिटभर थांबा. आणि पाणी मोटरवर उडू देऊ नका.

आता २ सेंटिमीटरचं बघू. तुमच्या तलावाचा पृष्ठभाग ५० चौरस मीटर, म्हणजे रोज १,००० लिटर पाणी जातं आहे. त्यातलं वाफ होऊन किती आणि गळून किती, हे बादली सांगते. तलावाच्या पायरीवर बादली ठेवा, तिच्यात बाहेरच्या पातळीइतकंच तलावाचं पाणी भरा आणि दोन्हीकडे खूण करा. २४ तासांत बादलीतलं जितकं उतरेल तितकी वाफ, तलावाचं त्याहून जास्त उतरलं तर ती गळती. एक दिवस पंप चालू ठेवून आणि एक दिवस पूर्ण बंद ठेवून, असं दोनदा करा. मधे पाऊस पडला तर पुन्हा पहिल्यापासून. पंप चालू असताना गळती वाढत असेल, तर दोष बहुधा पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला आहे. दोन्ही दिवशी सारखीच असेल, तर स्किमर, दिव्याची खोबण किंवा भिंत तपासावी लागेल. मात्र शोधासाठी तलाव रिकामा करू नका. जमिनीतल्या पाण्याची पातळी वर असेल, तर रिकामा तलाव खालून उचलला जाऊन फुटू शकतो.

पंप चालू असतानाच पाणी जातं आणि कुठे ओल दिसत नाही, असं आढळलं तर फिल्टरवरच्या, पाण्याची वाट बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हकडे या. त्याच्या आतलं चाकाच्या आऱ्यांसारखं गास्केट झिजलं की थोडं पाणी गुपचूप बॅकवॉशच्या, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहानं धुतल्याचं पाणी बाहेर सोडणाऱ्या, पाइपात जात राहतं. पाइपचं टोक गटारात असल्यामुळे कुणाला दिसत नाही. व्हॉल्व्ह ‘फिल्टर’वर ठेवून त्या टोकाखाली हात धरा. तिथे धार लागलेली असेल, तर पाइप खणायची गरज नाही, गास्केट बदलायचं.

कर्कश आवाज मात्र पंपाचाच, आणि तो मोटरच्या बेअरिंगचा असतो. मोटर आणि पंप जुळतात त्या जागी खाली थेंब दिसतात का बघा. दिसले तर मेकॅनिकल सील (शाफ्टभोवती पाणी अडवणारा भाग) गेलं आहे, पाणी शाफ्टवरून बेअरिंगपर्यंत पोचलं आहे. हवा खेचत, अर्धवट कोरडा चालणारा पंप सील लवकर खातो, म्हणून बुडबुडे न थांबवता नवा पंप बसवला तर त्याचंही सील जाईल. मोटर तीन-चार वर्षांची असती, तर सील आणि बेअरिंग बदला म्हटलं असतं. ९ वर्षांच्या मोटरवर मी ती मेहनत घालणार नाही.

नवा पंप किती एचपीचा? तुमचं पाणी ६०,००० लिटर. ८ तासांत एकदा सगळं फिरवायचं तर मिनिटाला १२५ लिटर पुरे. दीड इंची पाइपातून खेचणीच्या बाजूला सेकंदाला १.८ मीटरच्या वेगानं मिनिटाला साधारण १४० लिटर जातात, त्याच्या फार वर जाऊ नये. दीड एचपीचा पंप त्या पाइपातून जास्त ओढायला बघेल, आत पाण्याची वाफ होऊन इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) खडखडेल, फिल्टरमधून पाणी न गाळता पुढे जाईल आणि प्रत्येक कच्चा जोड आणखी हवा घेईल. पाऊणच घ्या. परवडत असेल तर वेग कमी-जास्त होणारा घ्या, हे मी आवर्जून सांगते. वेग निम्मा केला की पाणी निम्मं होतं, पण वीज तत्त्वतः आठव्या हिश्शावर येते. दुप्पट वेळ चालवूनही बचत उरते, आणि आवाज इतका कमी होतो की पंपखोलीचं दार उघडावंसं वाटतं.

पाइपचं काम तुम्हाला जमेल. पीव्हीसीचा चिकटवलेला जोड पुन्हा उघडता येत नाही, कारण सोल्यूशन नुसतं चिकटवत नाही, ते प्लॅस्टिक वितळवून एकजीव करतं. म्हणून जुना जोड कापूनच काढा. पाइप काटकोनात कापा, कडेचा भुगा चाकूनं काढा, आधी कोरडं जुळवून खुणा करा. मग प्रायमर, मग दोन्हीकडे सोल्यूशन, पाइप तळापर्यंत घालून पाव वळसा फिरवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर तो हळूच मागे सरकतो. थेंबभरही ओल असेल तर जोड धरत नाही. २४ तास दाब देऊ नका. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (आट्यांनी उघडता येणारा जोड) घाला, पुढच्या वेळी करवत लागणार नाही. आणि पंपाच्या तोंडाला लगेच एल्बो (काटकोनी वळण) देऊ नका. पाइपच्या व्यासाच्या पाचपट, तुमच्याकडे म्हणजे साधारण ८ इंच, सरळ पाइप हवा.

वीजजोडणी मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच. पाण्यात माणसं उतरणार आहेत. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, मोटरचं अर्थिंग नीट आहे का, हे विचारा आणि समोर उभं राहून तपासून घ्या. जुनी मोटर स्वतः उघडू नका, तिच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही झटका देण्याइतका भार राहतो.

प्रश्न : थ्री फेजचा नवा पंप बसवला. झाकण घट्ट आहे, व्हॉल्व्ह उघडे आहेत, बास्केट पाण्यानं भरून चालू केला, तरी प्रवाह अगदी मंद आणि फिल्टरच्या गेजवर दाब जुन्या पंपापेक्षा कमी. पंपच सदोष निघाला का?

उत्तर : परत पाठवण्याआधी मोटरच्या मागच्या पंख्याकडे बघा. मोटरवर बाण असतो, पंखा त्याच दिशेनं फिरतो का? थ्री फेजमध्ये दोन वायर उलटसुलट लागल्या की मोटर उलटी फिरते. उलटा फिरणारा इंपेलरही थोडं पाणी ढकलतो, म्हणून फसगत होते. इलेक्ट्रिशियनला कोणत्याही दोन फेजची अदलाबदल करायला सांगा. मग फिल्टरच्या माथ्यावरचा हवा सोडायचा नळ उघडा ठेवून पंप चालू करा आणि त्यातून सलग धार आली की तो बंद करा. त्या वेळी गेजवर दिसणारा आकडा फिल्टरवर मार्करनं लिहून ठेवा. फिल्टर स्वच्छ असेल, तर पुढे बॅकवॉश कधी करायचा हे तोच आकडा सांगेल : दाब त्याहून ८ ते १० पीएसआय वर गेला की.